छातीतल्या नोडमध्ये सापडलेल्या परक्या पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात पॅथॉलॉजी करते. पेशंटची आणि माझी भेट क्वचित होते, त्याच्या शरीरातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्याशी मात्र रोज गाठ पडते. रिपोर्ट हातात पडला की घरचं कुणीतरी लॅबच्या खिडकीशी येतं आणि एका ओळीवर बोट ठेवून उभं राहतं. छातीतल्या नोडच्या बायोप्सी वाढल्यापासून ते बोट कधीकधी ‘बिनाइन एपिथेलियल इन्क्लुजन’ या तीन शब्दांवर असतं, म्हणजे नोडमध्ये सापडलेल्या परक्या पण निरुपद्रवी पेशी. खिडकीशी उभ्याउभ्या दोन मिनिटांत जे नीट सांगता येत नाही, ते इथे बसून लिहिलंय.

“बाकी राहू द्या मॅडम. कॅन्सर हाय का न्हाय, तेवढं सांगा की.”

रिपोर्टमध्ये ‘बिनाइन’ असा स्पष्ट निष्कर्ष असेल, खाली सही असेल आणि पुढे ‘तरी’, ‘परंतु’, ‘शंका’ असं शेपूट नसेल, तर त्या पेशी कॅन्सरच्या नाहीत. त्यांच्यासाठी गोळी नाही, केमो नाही, ऑपरेशनही नाही.

पण हा रिपोर्ट त्या तुकड्यापुरता असतो. फुफ्फुसात वेगळी गाठ दिसत असेल तर ती कसली आहे, हे या नोडवरून ठरत नाही. “नोड चांगला निघाला, म्हणजे सगळंच चांगलं” असं समजून फुफ्फुसाची तपासणी अर्ध्यावर सोडलेले लोक मी पाहिलेत. तसं करू नका.

नोड म्हणजे नेमकं काय? छातीत अशा गाठी असतात का?

सगळ्यांच्याच असतात. तुमच्या, माझ्या, काल जन्मलेल्या बाळाच्यासुद्धा. नोड म्हणजे लसिका ग्रंथी. शरीरात रक्तवाहिन्यांच्या जोडीने लसिकावाहिन्यांचं जाळं असतं, आणि त्या वाटेवर ठिकठिकाणी वालाच्या दाण्याच्या आकाराचे हे नाके असतात. फुफ्फुसातून येणारा लसिकाद्रव श्वासनलिकेच्या आजूबाजूच्या नोडमधून गाळून पुढे जातो. जंतू, धूळ, धूर, मेलेल्या पेशी, सगळा कचरा तिथे अडतो. छातीतल्या या नोडना डॉक्टरांनी एक ते चौदा असे स्टेशन-नंबर दिलेत. रिपोर्टवर ‘४आर’ किंवा ‘स्टेशन ७’ असं लिहिलेलं दिसतं ते हेच. ७ नंबरचं स्टेशन म्हणजे श्वासनलिका जिथे दोन फांद्यांत फुटते त्या दुबेळक्याच्या खालची जागा.

खरा घोळ आपल्या भाषेनं घातलाय. मराठीत नोडलाही गाठ म्हणतात आणि ट्यूमरलाही गाठच. डॉक्टर म्हणतात “छातीत दोन-तीन गाठी दिसतात,” त्यांच्या मनात नोड असतो. ऐकणाऱ्याच्या कानात ट्यूमर पडतो, आणि घरी पोचेपर्यंत चुलत्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना कॅन्सर कळवून झालेला असतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: “डॉक्टर, ही गाठ म्हणजे नोड का ट्यूमर?” सिटी स्कॅनवर नोडची आखूड बाजू १० मिलिमीटरपेक्षा मोठी भरली की त्याला ‘वाढलेला’ म्हणतात. वाढलेला म्हणजे एवढंच की त्याच्याकडे लक्ष द्यायचं. तो बिघडलाय, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग त्यात ‘परक्या’ पेशी म्हणजे कुठल्या?

शाळेत ‘अभिस्तर ऊती’ शिकलो होतो, आठवतंय? त्वचा, श्वासनलिकेचं आतलं अस्तर, आतड्याचं अस्तर, वेगवेगळ्या ग्रंथींच्या नळ्या, हे सगळं त्याच जातीचं. एपिथेलियल पेशी म्हणजे या अभिस्तराच्या पेशी. नोडमध्ये त्या असायला नकोत. तिथला मूळ रहिवासी लिम्फोसाइट, म्हणजे पांढरी पेशी. तिच्या सोबतीला कचरा खाणाऱ्या आणि आधाराचं जाळं विणणाऱ्या पेशी, बस्स.

म्हणून नोडमध्ये अभिस्तर पेशी दिसली की पॅथॉलॉजिस्टच्या मनात पहिली घंटा कॅन्सरचीच वाजते. वाजायलाच हवी. फुफ्फुस, स्तन, अन्ननलिका, मोठं आतडं यांचे बहुतेक कॅन्सर अभिस्तरातूनच उगवतात आणि लसिकेच्या वाटेनं नोडमध्ये पोचतात. दर वेळी ही घंटा खरी असते असं मात्र नाही. क्वचित पूर्णपणे साध्या, निरुपद्रवी अभिस्तर पेशीही नोडमध्ये बसलेल्या सापडतात. त्यांनाच इन्क्लुजन म्हणतात.

क्वचित हा शब्द मी मुद्दाम वापरला. छातीच्या नोडमध्ये परक्या पेशी दिसल्या आणि त्या कॅन्सरच्याच निघाल्या, हेच नेहमीचं चित्र आहे. हे पान वाचून कुणी खऱ्या कॅन्सरच्या रिपोर्टवर “इन्क्लुजन असेल हो” म्हणत महिने घालवू नयेत.

त्या तिथे पोचल्या कशा?

वाटा बऱ्याच आहेत. कुठल्या वाटेनं आल्या हे कळलं की अर्धं निदान तिथेच होतं.

एक वाट जन्माआधीची. गर्भात अवयव घडत असताना शेजारशेजारच्या ऊती एकमेकींत थोड्या अडकतात. मानेच्या वरच्या भागात लाळग्रंथीच्या नळ्या नोडमध्ये सापडतात त्या अशाच. पॅरोटिड, म्हणजे कानापुढच्या लाळग्रंथीभोवती कवच उशिरा तयार होतं, तोवर ग्रंथी आणि नोड यांची सरमिसळ झालेली असते. छातीत श्वासनलिकेसारख्या अस्तराचे बारके ग्रंथीतुकडे नोडमध्ये सापडल्याची उदाहरणं अगदी मोजकी आहेत.

दुसरी वाट पाण्याची, आणि आपल्याकडे तीच जास्त ध्यानात ठेवायची. फुफ्फुसाभोवतीच्या पडद्यावर मेसोथेलियल पेशींचा पातळ थर असतो. छातीत पाणी झालं, म्हणजे प्ल्युरल इफ्यूजन, की या पेशी खवळतात, फुगतात, सुटून पाण्यात तरंगतात. बरगड्यांच्या बाजूच्या पडद्याला लसिकावाहिन्यांत उघडणारी बारीक छिद्रं असतात. त्यांतून त्या आत शिरतात आणि वाहत नोडच्या पोकळ्यांत येऊन बसतात. हृदयाभोवती पाणी झालं तरी हेच घडू शकतं. टीबीचं पाणी आपल्या भागात काही नवलाचं नाही, त्यामुळे पेशंटला अलीकडे पाणी झालं होतं का, हे मला कळलंच पाहिजे. काटेकोर बोलायचं तर मेसोथेलियल पेशी या अभिस्तराच्या सख्ख्या बहिणी नव्हेत, चुलत म्हणा हवं तर. पण केराटिन या प्रथिनावर चढणाऱ्या रंगाला दोघी सारख्याच उठतात, म्हणून घोळ होतो. या पेशी मध्य-छातीच्या नोडमध्ये कॅन्सरचं सोंग घेतात हे १९९० मध्ये अमेरिकेतल्या ब्रूक्स, लिव्होल्सी आणि पिएत्रा या पॅथॉलॉजिस्टांनी छापून मांडलं. म्हणजे हा विषय तसा जुनाच आहे.

तिसरी वाट सुईची. ईबस तपासणीत दुर्बीण श्वासनलिकेत उतरवतात, सोनोग्राफीवर पलीकडचा नोड बघतात आणि नळीच्या भिंतीतून आरपार सुई घालून त्यातलं मटेरियल ओढतात. सुई ज्या भिंतीतून जाते तिथलं अस्तर, जरा कूर्चा, थोडा श्लेष्मा असं काहीबाही सोबत घेऊन येते. स्लाइडवर झालरीसारखी केसाळ कडा असलेल्या पेशींचे तुकडे दिसतात ते बहुधा याचेच. ते नोडमध्ये नव्हतेच मुळी, आम्ही वाटेत उचललेत. याला खरं इन्क्लुजन म्हणू नये, पण रिपोर्टात दोन्ही गोष्टी शेजारी येऊन बसतात आणि नातेवाईक गोंधळतात.

मग काही वेळा ‘नोड’ हा नोडच नसतो. छातीच्या पुढच्या चरबीत थायमस ग्रंथीचे अवशेष असतात. त्यात लिम्फोसाइट भरपूर आणि मध्ये अभिस्तर पेशींची वर्तुळं, ज्यांना हॅसलची कणिका म्हणतात. घाईत पाहिलं तर हुबेहूब ‘नोडमध्ये पसरलेला कॅन्सर’. विद्यार्थ्यांना मी हा सापळा परीक्षेआधी हमखास दाखवते.

शेवटची वाट लॅबमधलीच आहे आणि ती कबूल करायला आमच्यातले काही जण कचरतात. पेशंटचा तुकडा मेणात बसवून ब्लॉक करतात, त्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप कोमट पाण्यावर तरंगवून मग काचेवर घेतात. आधीच्या पेशंटचा एखादा कण त्या पाण्यात राहिला तर तो पुढच्याच्या काचेवर चढतो. असा उपरा तुकडा सहसा ऊतीच्या कडेला वेगळ्या पातळीवर पडलेला असतो, आणि ब्लॉकमध्ये खोलवर काप घेतले की गायब होतो. शंका आली की पहिलं काम तेच करायचं: ब्लॉक परत कापायचा.

असं फक्त छातीतच होतं का?

नाही, इतरत्र जास्त होतं. पोटाच्या खालच्या भागातल्या नोडमध्ये बायकांना गर्भनलिकेच्या अस्तरासारख्या ग्रंथी सापडतात, काखेतल्या नोडमध्ये स्तनाच्या ऊतीचे कण किंवा अंगावरच्या तिळात असतात तसल्या पेशी, मानेत लाळग्रंथी. काखेतल्या आणि पोटातल्या या प्रकारांशी पॅथॉलॉजिस्ट सरावलेले असतात. छातीतले दुर्मिळ, म्हणूनच तिथे चूक व्हायची भीती जास्त.

चांगल्या आणि वाईट पेशी वेगळ्या कशा ओळखता? अंदाजच ना शेवटी?

अंदाज नव्हे, पण एका झटक्यात सुटणारं गणितही नव्हे. गड्ड्याच्या यात्रेत बाहेरगावचे हजारो लोक सोलापुरात येतात. पाकीटमार कोण हे त्याच्या गावावरून कळत नाही. तो बघतो कुठे, चालतो कसा, हात कुठे आहेत यावरून कळतं. पेशीचंही तसंच.

आधी केंद्रक बघते. कॅन्सरच्या पेशीत ते मोठं, वेडंवाकडं, एकीचं एक तर दुसरीचं भलतंच, रंग गडद, विभाजन चाललेलं. इन्क्लुजनमधल्या पेशी शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या एकसारख्या. मग टोकाला केसासारख्या सिलिया आहेत का ते बघते. सिलिया असलेली पेशी कॅन्सरची निघणं फार दुर्मिळ; त्या दिसल्या की माझे खांदे जरा सैल होतात.

नंतर त्या बसल्यात कुठे ते. पसरलेला कॅन्सर सहसा आधी कवचाच्या आतल्या पोकळीत उतरतो, मग नोड पोखरत जातो, भोवती घट्ट तंतुमय ऊती जमवतो. मेसोथेलियल पेशी पोकळ्यांत सुट्ट्या किंवा चार-सहाच्या झुबक्यांत तरंगत असतात, दोन पेशींमध्ये बारीक फट दिसते आणि आजूबाजूच्या नोडला त्यांचं सोयरसुतक नसतं. ग्रंथीसारखं इन्क्लुजन एखाद्या कोपऱ्यात छोट्या नळीसारखं पडून असतं, ना भोवती जखम ना ओरखडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेशंटच्या मूळ ट्यूमरची स्लाइड शेजारी ठेवून ताडून बघते. नोडमधली पेशी आणि फुफ्फुसातली गाठ एकाच घरच्या दिसतात का? फुफ्फुसातला ट्यूमर स्क्वॅमस, म्हणजे चपट्या पेशींचा, आणि नोडमध्ये सिलियावाल्या नाजूक ग्रंथी, तर ती कहाणी जुळत नाही. मूळ स्लाइड दुसऱ्या गावच्या लॅबमध्ये असते आणि आमच्याकडे नुसता एक ओळीचा अर्ज येतो, ‘मीडियास्टायनल नोड, मॅलिग्नन्सी?’, तेव्हा मला किती हात बांधल्यासारखं होतं ते अर्ज लिहिणाऱ्या डॉक्टरांना कळावं म्हणून हे इथे लिहून ठेवते.

आयएचसी केली आणि ‘पॉझिटिव्ह’ आली. मग बिनाइन कसं?

कोविडनंतर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द लोकांच्या मनात फार वाईट ठिकाणी जाऊन बसलाय. आयएचसी म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगवून तिची जात ओळखायची तपासणी. तिच्यात पॉझिटिव्ह म्हणजे रोग नाही. पेशीत अमुक प्रथिन आहे आणि त्यावर रंग चढला, एवढाच त्याचा अर्थ. ते प्रथिन चांगल्या पेशीतही असू शकतं.

सायटोकेराटिन पॉझिटिव्ह आलं तर पेशी अभिस्तराची असण्याची शक्यता मोठी, पण मेसोथेलियल पेशीही रंगतात. इतकंच काय, नोडचं आधारजाळं विणणाऱ्या काही रेटिक्युलम पेशीसुद्धा केराटिनला उठतात. लांब फांद्या पसरलेल्या त्या एकेकट्या पेशी बघून नवशिक्यानं ‘मायक्रोमेटास्टॅसिस’, म्हणजे कॅन्सरचा सूक्ष्म फैलाव, लिहायची जवळजवळ तयारी केलेली मी पाहिली आहे.

टीटीएफ-१ फुफ्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींच्या कॅन्सरमध्ये, येणारं प्रथिन, हे आता नातेवाईकही गूगलवर वाचून येतात. खरं आहे ते. पण तेच टीटीएफ-१ फुफ्फुसाच्या निरोगी पेशींत आणि थायरॉइडमध्येही असतं. म्हणजे नोडमधली साधी श्वासनलिकेची पेशीसुद्धा टीटीएफ-१ ला उठू शकते. एकट्या त्या रंगावर कॅन्सर म्हणणं म्हणजे नावापुढे ‘सोलापूर’ लिहिलंय म्हणून चादर कुठल्या मागावर विणली ते सांगणं. पी४० हे स्क्वॅमस कॅन्सरचं मानलं जातं, पण श्वासनलिकेच्या निरोगी अस्तराच्या तळाच्या थरातही ते असतंच. उलट ग्रंथीभोवती पी४० चा असा सलग तळथर दिसला तर तो मला धीर देतो.

मेसोथेलियल पेशी असतील तर कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-१ हे रंग उठतात, आणि क्लॉडिन-४, बेरईपी४ सारखे अभिस्तराचे रंग चढत नाहीत. पण त्या मेसोथेलियल ठरल्या म्हणजे प्रश्न संपला असं नाही, कारण मेसोथेलिओमा, म्हणजे याच पेशींचा कॅन्सर, तोही नोडमध्ये जातो. म्हणून छातीच्या पडद्यावर जाडी किंवा गाठ आहे का ते स्कॅनवर बघायचं, आणि गरज पडली तर बीएपी१ हे प्रथिन बघायचं. पेशीच्या केंद्रकातून बीएपी१ नाहीसं झालं असेल तर ते मेसोथेलिओमाच्या बाजूनं जातं. ते जागेवर आहे म्हणून मेसोथेलिओमा नक्की नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

थोडक्यात, रंग साक्षीदार आहेत, न्यायाधीश नाहीत. एकच साक्षीदार आणून निकाल मागणारा रिपोर्ट दिसला तर प्रश्न विचारा.

पेट स्कॅनमध्ये नोड चांगलाच ‘चमकला’ होता. मग रिपोर्टमध्ये काही नाही, असं कसं?

पेट स्कॅनमध्ये चमकते ती साखर खाण्याची भूक. कॅन्सरच्या पेशी साखर खातात, तशाच टीबीशी किंवा कुठल्याही दाहाशी झुंजणाऱ्या पेशीही खातात. टीबीचा नोड कॅन्सरइतका चमकू शकतो, सारकॉइडोसिस या कॅन्सर नसलेल्या दाहाच्या आजाराचाही. एसयूव्ही, म्हणजे ती चमक मोजणारा आकडा, हे निदान नव्हे. सुई घालून बघितल्याशिवाय तो आकडा मुका असतो.

आता एक बारकावा. इन्क्लुजन फार लहान, बहुधा सूक्ष्मदर्शकातच दिसणारं. त्याच्यामुळे नोड फुगत नाही आणि चमकतही नाही. म्हणजे तुमच्या माणसाचा नोड मोठा झाला असेल तर त्याचं कारण वेगळंच आहे, परक्या पेशी मधेच योगायोगानं सापडल्या. ते कारण रिपोर्टात शोधा: ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचा पुंजका, लिहिलाय का? धूर-धुळीचा काळा पिग्मेंट, अँथ्रॅकोसिस? नुसतंच ‘रिअ‍ॅक्टिव्ह’? ग्रॅन्युलोमा असेल तर टीबीची तपासणी पुढे न्यायची. फक्त इन्क्लुजनचाच उल्लेख असेल आणि नोड दोन सेंटिमीटरचा असेल, तर सुई योग्य जागी लागली होती का, हा प्रश्न रास्त आहे. त्या नमुन्यात लिम्फोसाइट किंवा काळे कण खाल्लेल्या पेशी दिसल्याचा उल्लेख हवा. नुसतं श्वासनलिकेचं अस्तर आलं असेल तर नोड तपासलाच गेला नाही असं समजायचं.

आई तीस वर्षं बिड्या वळतेय, वडील यंत्रमागावर होते. त्यामुळे झालं का हे?

इन्क्लुजन त्यामुळे होतात असं म्हणायला आधार नाही. पण नोडच्या बाकी चेहऱ्यावर या शहराचं आयुष्य उमटलेलं मला रोज दिसतं. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईचे नोड कोळशासारखे काळे असतात, तिनं कधी विडी ओढलेली नसली तरी. पूर्व भागातल्या घराघरांत तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बायका ती धूळ श्वासात घेत राहतात. दगडाच्या खाणीवर काम केलेलं असेल तर सिलिकाच्या कठीण गाठी नोडमध्ये होतात, त्या पेटवरही चमकू शकतात. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी काम काय करत होतो ते आपणहून सांगा, फक्त आत्ताचं नव्हे, तर आधीचंसुद्धा. “रिटायर आहे” या उत्तरातून मला काहीच कळत नाही.

आधीच फुफ्फुसाचा कॅन्सर निघालेला आहे. तर मग या चार पेशींवर एवढा काथ्याकूट कशाला?

कारण अशा पेशंटच्या बाबतीत त्या चार पेशी पुढचं सगळं ठरवतात.

फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये नोडचा हिशेब एन या अक्षरानं मांडतात. त्याच बाजूच्या फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या नोडपर्यंत गेला तर एन१. त्याच बाजूच्या मध्य-छातीत किंवा दुबेळक्याखालच्या स्टेशन ७ मध्ये गेला तर एन२. पलीकडच्या बाजूला किंवा गळपट्टीच्या हाडावरच्या नोडमध्ये गेला तर एन३. कॅन्सरची स्टेज ठरवण्याच्या नियमांच्या जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नवव्या आवृत्तीत एन२ चेही दोन भाग झालेत, एका स्टेशनमध्ये असेल तर एन२ए, अनेक स्टेशनांत असेल तर एन२बी.

आता कल्पना करा. साठीचे काका आहेत, उजव्या फुफ्फुसात तीन सेंटिमीटरची गाठ, बाकी शरीर स्वच्छ. ऑपरेशन करून गाठ काढता येण्यासारखी. पलीकडच्या बाजूच्या एका नोडमधल्या आठ-दहा पेशींना कुणी ‘मेटास्टॅटिक’, म्हणजे पसरलेल्या कॅन्सरच्या, असं लिहिलं की ते एन३ झाले. एन३ ला सहसा ऑपरेशन करत नाहीत. म्हणजे बरं व्हायची जी मोठी संधी होती ती एका चुकीच्या शब्दानं गेली, आणि वर केमो-रेडिएशनचा मारा. उलटही तितकंच खरं: खऱ्या कॅन्सरच्या पेशींना इन्क्लुजन म्हटलं तर माणसाची छाती उघडून हाती काही लागत नाही. दोन्हीकडून खड्डा आहे. म्हणून ज्या रिपोर्टमुळे ऑपरेशन रद्द होणार आहे आणि ज्यात पेशी मोजक्याच आहेत, तो दुसऱ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः असा केस एकटीच्या सहीवर सोडत नाही.

ऑपरेशन चालू असतानाच बर्फावर तपासून सांगतात ना?

फ्रोझन सेक्शन. सांगतात, पण गोठवलेल्या कापात पेशींचे बारकावे भरडले जातात आणि रंगांची साक्ष वेळेत मिळत नाही. शंका असेल तर ‘पक्क्या रिपोर्टपर्यंत थांबा’ हेच त्यावरचं उत्तर. ते ऐकून सर्जन चिडतात. चिडू देत.

रिपोर्टमध्ये ‘इन्डिटर्मिनेट’ लिहिलंय. डॉक्टरला येत नाही म्हणून का?

उलट, बऱ्याचदा येतं म्हणून. तुकडा अपुरा असताना छातीठोक लिहिणाऱ्यापेक्षा ‘यावरून ठरत नाही, पुन्हा नमुना पाठवा’ असं लिहिणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो. तुम्हाला पुन्हा खर्च पडतो, पुन्हा उपाशीपोटी दुर्बीण गिळायला जावं लागतं, हे कळतं मला. पण त्या शब्दावर भांडून ‘काहीतरी एक लिहा’ असं लॅबकडून लिहून घेऊ नका. हा आग्रह खरंच होतो, आणि कधीकधी तो पेशंटच्या घरूनच होतो.

बिनाइन आहे तर पुन्हा तपासणी करायची का?

इन्क्लुजनसाठी नाही. ज्या कारणानं नोड तपासला होता त्या कारणासाठी जे ठरलंय ते करा. आणि नुसता नोड मोठा दिसतो म्हणून, ग्रॅन्युलोमा नाही, जंतू नाही, कशाचा पत्ता नाही, तरी ‘करून बघू’ म्हणून टीबीचा कोर्स सुरू करणं मला पटत नाही. पण ते तुमच्या छातीच्या डॉक्टरांशी बोलायचं, माझ्याशी नव्हे. टीबीचं निदान कधीकधी सगळं चित्र बघून करावं लागतं आणि ते चित्र त्यांच्यापुढे असतं.

सेकंड ओपिनियन घ्यायचं तर कसं? इथले डॉक्टर रागावणार नाहीत?

रागावू नयेत. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक पेशंटच्या शरीराचे आहेत. लॅबमध्ये लेखी अर्ज द्या, पोच करून घ्या. नुसती स्लाइड नेऊ नका, ब्लॉक हवाच, कारण नवे काप आणि नवे रंग त्यातूनच निघतात. फुफ्फुसातल्या मूळ गाठीचे ब्लॉक, नोडचे ब्लॉक, आयएचसीच्या स्लाइड आणि सिटी-पेटच्या सीडी असं सगळं एकत्र न्या. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात कॅन्सरच्या उपचारासाठी बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. गाव लहान, पण देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी बार्शीतच १९८७ मध्ये सुरू झाली, हे सोलापूरकरांनाच ठाऊक नसतं. अवघड स्लाइडसाठी पुष्कळ लोक परळच्या टाटा मेमोरियलला जातात. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालं की सकाळी मुंबईत. तिथे गर्दी असते, त्याच दिवशी उत्तर मिळेल अशी तयारी करून जाऊ नका.

आणि हे सोलापूरकरांसाठी खास. ब्लॉक पॅराफिनचा असतो, ते छप्पन ते साठ अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो, आणि उन्हात लावलेल्या गाडीच्या काचेमागे किंवा स्कूटरच्या डिकीत त्याहून खूप जास्त तापतं. ब्लॉक गाडीत ठेवून रसवंतीवर बसू नका. सुती कापडात गुंडाळून अंगाजवळच्या पिशवीत ठेवा, स्लाइड कडक डबीत. मेण थोडं मऊ झालंच तर लॅबमध्ये पुन्हा नीट बसवता येतं, घाबरून फेकून देऊ नका.

रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू का? बघून सांगाल?

फोटोत मला फक्त दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं इंग्रजी दिसतं. स्लाइड घेऊन या. दुपारी तीननंतर या, सकाळी कटिंग चालू असतं.